चमत्काराचा नियम ओळखा : अद्भुत आणि विनोदी चित्रपट कसे पाहावेत, कसे दाखवावेत

अद्भुत आणि विनोद एकाच चित्रपटात नांदू लागले, की त्या चित्रपटाला ‘टाइमपास’ ठरवून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. गंभीर चित्रपटांवर चर्चा होते, त्यांच्या रसास्वादाची शिबिरे भरतात. भुताचा, बोलक्या बाहुल्याचा किंवा अदृश्य माणसाचा चित्रपट मात्र सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर लागला तर पाहायचा, पोट धरून हसायचे आणि जेवणाची पाने मांडली की उठायचे. ज्यांना हे चित्रपट मनापासून आवडतात, त्यांनीही आपली आवड जरा दबक्या आवाजात सांगावी, असा जणू संकेतच पडला आहे. नाशिकमध्ये तरी असे होऊ नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी कॅमेरा हाती घेतला, तो पुराणांतले अद्भुत पडद्यावर हलताना दिसावे या ध्यासाने, आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग याच शहरात गेला.

पुढे दिलेली पद्धत अशा चित्रपटांच्या चाहत्यांसाठी आहे. आवडता चित्रपट पुन्हा कसा पाहावा, त्यातले काय टिपून ठेवावे, आणि घरच्या हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या गच्चीवर आपली माणसे जमवून तो कसा दाखवावा, हे सारे तिच्यात आले आहे. तिचा भर मात्र एकाच गोष्टीवर आहे. चांगल्या अद्भुत-विनोदी चित्रपटातल्या चमत्काराला एक ठाम नियम असतो आणि हसू त्या नियमातूनच फुटते. तो नियम ज्याला सापडला, त्याला चित्रपट सापडला.

आधी नियम शोधावा

भस्मासुराची कथा प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन त्याचे भस्म होईल, असा वर त्याला मिळतो. नियम एका वाक्याचा आहे, त्यात कुठेही संदिग्धता नाही, आणि नेमक्या त्याच वाक्यात त्याचा शेवट दडलेला आहे. मोहिनी त्याला नाचायला लावते, नाचता नाचता स्वतःच्या डोक्यावर हात नेते, आणि तिची नक्कल करण्याच्या भरात तोही आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवतो. बाहेरून कोणतेही नवे शस्त्र आलेले नाही. जो वर होता त्यानेच काम केले. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला आणि १९१३ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ हा मूकपट तयार केला. त्यात मोहिनीची भूमिका कमलाबाई गोखले यांनी आणि पार्वतीची भूमिका त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत यांनी केली होती. त्याच्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी मूकपटही दाखवला गेला. अद्भुत आणि विनोद एकाच खेळात देण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

हीच कसोटी नंतरच्या चित्रपटांना लावून पाहावी. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधला नायक यंत्र मनगटावर बांधले की अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात तो दिसतो. या दुसऱ्या अटीवाचून पहिल्या शक्तीला काहीच गोडी उरली नसती, कारण ज्याला कोणीही कधीही पाहू शकत नाही त्याच्याविषयी प्रेक्षकाला काळजी कशी वाटणार? ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) मध्ये बायकांच्या स्वभावाला वैतागलेल्या नायकाला देवीच्या कृपेने त्यांच्या मनातले ऐकू येऊ लागते. फक्त बायकांच्या, आणि फक्त मनातले. संजय नार्वेकर यांचा सगळा अभिनय या अटीवर उभा आहे, कारण समोरची स्त्री तोंडाने एक बोलत असते, मनाने दुसरे, आणि दोन्हींना एकाच चेहऱ्याने उत्तर देण्याची कसरत त्यांना करावी लागते.

नियम शोधण्याची रीत सोपी आहे, मात्र ती वहीत लिहून करावी. चित्रपट संपल्यावर चमत्काराचा नियम एकाच वाक्यात लिहायचा प्रयत्न करावा. वाक्य जमले नाही आणि ‘कधी असे होते, तर कधी तसे’ अशी भाषा येऊ लागली, तर पटकथा सैल आहे असे समजायला हरकत नाही. वाक्य जमल्यास त्याखाली तीन नोंदी घ्याव्यात: तो नियम प्रेक्षकाला प्रथम कोणत्या प्रसंगात कळतो, त्याचा पहिला विनोदी उपयोग कोठे होतो, आणि तोच नियम नायकावर उलटतो तो क्षण कोणता. या तीन जागा एकदा हाती आल्या, की मधला सगळा पट आपोआप उलगडू लागतो.

या दृष्टीने माझ्या मते सर्वांत श्रीमंत चित्रपट म्हणजे सत्यजित राय यांचा १९६९ चा ‘गुपी गायन बाघा बायन’. मूळ कथा त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांची. गाता न येणारा गुपी आणि ढोल वाजवता न येणारा बाघा यांना गावांतून हाकलून दिले जाते, जंगलात त्यांना भुतांचा राजा भेटतो आणि तीन वर देतो: हवे तेव्हा अन्न आणि वस्त्र मिळेल, जोडे घालून हवे तेथे जाता येईल, आणि त्यांचे गाणे-वाजवणे ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील. इथपर्यंत कोणत्याही परीकथेसारखे आहे. राय यांची करामत पुढच्या अटीत आहे. अन्न किंवा प्रवास हवा असेल, तर दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची. एकट्याच्या टाळीला फळ नाही. या एका अटीमुळे मैत्री ही कथेतली भावना न राहता कथेचे यंत्र होते. दोघांची ताटातूट झाली की केवळ वाईट वाटत नाही, तर प्रेक्षक मनातल्या मनात हिशेब करू लागतो, की आता जेवण नाही, आता पळता येणार नाही. आणि शेवटी युद्धाला निघालेल्या उपाशी सैन्यावर आकाशातून मिठाईची मडकी उतरतात, सैनिक शस्त्रे टाकून त्यांच्याकडे धावतात, तेव्हा पहिल्याच वरातून युद्ध थांबलेले असते. इतके मोठे काम इतक्या साध्या वराने करून घेणारा दुसरा चित्रपट चटकन आठवत नाही. भुतांच्या राजाचा तो चमत्कारिक आवाज स्वतः राय यांचा आहे, हेही पाहण्यापूर्वी सांगून ठेवावे. मुलांना त्याचे फार अप्रूप वाटते.

ज्या विनोदी चित्रपटात चमत्कार नसतो, तेथे चमत्काराची जागा बहुधा एखादी थाप घेते. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मध्ये मालकीणबाई केवळ विवाहित जोडप्यांना घर देतात, म्हणून चौघांपैकी दोघे बायकांची सोंगे घेतात. हाही नियमच आहे. सोंग घेतल्यावर ते क्षणभरही सुटता कामा नये, ही अट प्रत्येक प्रसंगाला ताण देते, आणि त्या ताणावरच लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पिळगांवकर यांच्या पदराच्या, चालण्याच्या आणि लाजण्याच्या लकबी खुलतात. अद्भुताचा चाहता आणि विनोदाचा चाहता हे दोन वेगळे पंथ आहेत, असे म्हणूनच मला कधीच पटले नाही.

पुन्हा पाहताना

आवडता चित्रपट पुन्हा पाहणे म्हणजे वेळ दवडणे, असे ज्यांना वाटते, त्यांनी विनोदाचे गणित लक्षात घ्यावे. नाटकातला नट प्रेक्षकांचे हसे ओसरेपर्यंत थांबू शकतो. चित्रपटाला थांबता येत नाही. एकदा संकलन झाले की पुढचे वाक्य ठरलेल्या क्षणी येणारच. जाणकार दिग्दर्शक म्हणून हशाच्या जागेनंतर एखादा शब्दहीन चेहरा ठेवतो, म्हणजे हसताना काही निसटत नाही आणि तो चेहरा हशाला आणखी तेलही घालतो. तरीही भरलेल्या हॉलमध्ये काही वाक्ये बुडतातच. ती फक्त दुसऱ्या वेळी ऐकू येतात.

याचा उत्तम नमुना ‘बनवाबनवी’तच आहे. मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये आता परत का मिळणार नाहीत, याचा खुलासा धनंजय माने करतात, तो प्रसंग महाराष्ट्राला पाठ आहे. पण पाठ असल्यामुळेच सर्वांचे लक्ष अशोक सराफ यांच्या तोंडच्या शब्दांवर असते. पुढच्या वेळी शब्दांकडे दुर्लक्ष करून केवळ घरमालक झालेल्या सुधीर जोशी यांच्याकडे पाहावे. ऐकणारा माणूस आधी सहानुभूती दाखवतो, मग त्याच्या मनात हिशेब सुरू होतो, मग त्याला संशय येतो आणि तरीही सभ्यतेपोटी तो बोलू शकत नाही. विनोद सांगणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याने तोलून धरलेला असतो. ज्यांना अभिनयाची हौस आहे, त्यांनी हा एक प्रसंग आवाज बंद करून पाहिला, तरी पुष्कळ शिकायला मिळेल.

आवाज बंद करण्याची ही युक्ती इतरत्रही वापरावी. कोणताही आवडता प्रसंग निवडून एकदा केवळ चित्र पाहावे आणि एकदा डोळे मिटून केवळ ध्वनी ऐकावा. अद्भुत चित्रपटांत चमत्काराचा अर्धा भार ध्वनीवर असतो. एखादी वस्तू हवेत उचलली जाताना पडद्यावर पुष्कळदा दोरा लपवलेला असतो आणि खरी जादू पार्श्वसंगीत करत असते. हे कळल्याने मजा कमी होते, असे काहींना वाटते. माझे मत उलट आहे. ‘मिस्टर इंडिया’त हनुमानाची मूर्ती गुंडाला बदडते, त्या प्रसंगामागे विशेष दृश्यांचे जाणकार पीटर परेरा यांचे कसब आहे, हे कळल्यावर त्या काळी संगणकाच्या मदतीशिवाय हे कसे साधले असेल, या कुतूहलाने तो प्रसंग अधिकच आवडू लागतो.

अभिनयातला चमत्कार पाहायचा असेल, तर के. व्ही. रेड्डी यांचा ‘मायाबाजार’ (१९५७) जरूर मिळवावा. तो तेलुगू आणि तमिळ भाषांत तयार झाला, पण कथा आपल्या ओळखीची, वत्सलाहरणाची आहे. घटोत्कच वधूचे रूप घेऊन कौरवांच्या लग्नघरात शिरतो. म्हणजे पडद्यावर दिसते अभिनेत्री सावित्री, आणि तिच्या आत असतो गदा पेलणारा राक्षस. तिचे पाऊल मधूनच जड पडते, मान गर्वाने उचलली जाते, आणि कोणी पाहताच ती पुन्हा लाजरी वधू होते. भाषा न समजणाऱ्या आजीबाईसुद्धा या प्रसंगाला हसल्यावाचून राहत नाहीत. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नाची पंगत एकटाच फस्त करतो, ते गाणे छायालेखक मार्कस बार्टली यांच्या कॅमेऱ्याची कमाल म्हणून आजही दाखवले जाते.

पडदा, प्रकाश आणि आवाज

आता दाखवण्याकडे वळू. टीव्हीवर दाखवणार असाल, तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात. आजच्या बहुतेक टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय मुळातच चालू ठेवलेली असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चित्रित केलेला असतो. ही सोय मध्ये आपल्या मनाच्या चौकटी भरते आणि मग जुन्या चित्रपटाला मालिकेची कळा येते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी. दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. जुन्या चित्रपटाची चौकट आजच्या रुंद पडद्यापेक्षा अरुंद असेल, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. ‘पडदा रिकामा दिसतो’ म्हणून चित्र ताणणारे लोक पुष्कळ आहेत. ताणलेल्या चित्रात माणसे बुटकी होतात, चाके अंडाकार दिसतात, आणि विनोदी नटाने नेमकेपणाने केलेली चेहऱ्याची हालचाल फिसकटते. काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

प्रोजेक्टर भाड्याने आणताना विक्रीच्या खोक्यावर छापलेले भलेमोठे आकडे न पाहता ‘ॲन्सी ल्युमेन’ (प्रकाशाच्या तीव्रतेचे प्रमाणित माप) किती, ते विचारावे. पूर्ण अंधार करता येईल अशा हॉलमध्ये दोन मीटर रुंदीच्या पडद्याला सुमारे २००० ॲन्सी ल्युमेन पुरतात. गच्चीवर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड येत असेल, तर ३००० किंवा त्याहून अधिक हवेत. प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा, हे त्याच्या ‘थ्रो रेशो’वरून, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतर लागते ते सांगणाऱ्या आकड्यावरून ठरते. तो १.५ असेल आणि पडदा २ मीटर रुंद असेल, तर अंतर ३ मीटर लागेल. हा गुणाकार दुपारीच करून जागा आखून घ्यावी, कारण पाहुणे सतरंजीवर बसल्यानंतर टेबल मागे सरकवणे फार जिकिरीचे होते. पडदा म्हणून घरची चादर लावायची असल्यास तिच्यामागे काळे किंवा गडद जाड कापड जोडावे, नाहीतर निम्मा प्रकाश कापडातून पलीकडे निघून जातो. चादर खालूनही ताणून बांधावी; गंगापूर रोडच्या बाजूला मोकळ्या गच्च्यांवर संध्याकाळचा वारा चांगलाच असतो आणि फुगणाऱ्या पडद्यावर चेहरे हेलकावे खातात.

चित्रापेक्षाही काळजी घ्यावी ती आवाजाची, कारण मराठी विनोद हा मुख्यतः बोलण्याचा विनोद आहे. प्रोजेक्टरमधला अंगचा स्पीकर या कामी निरुपयोगी असतो. वेगळा स्पीकर घ्यावा आणि तो प्रेक्षकांच्या मागे न ठेवता पडद्याच्या खाली मध्यभागी ठेवावा, म्हणजे बोलणारा माणूस आणि त्याचा आवाज एकाच दिशेने येतात. तो ब्लूटूथने जोडण्याचा मोह टाळावा. ब्लूटूथमधून आवाज क्षणाच्या काही अंशाने उशिरा पोहोचतो. गाण्यात ते कदाचित खपून जाईल, पण विनोदात ओठ आधी हलले आणि शब्द मागून आला, की विनोद मेलाच. साधी ऑडिओ वायर वापरावी. आवाज मोठा करण्यापेक्षा तो स्वच्छ ठेवण्याकडे लक्ष द्यावे. स्पीकरचा बास कमी केला, की संवाद पुष्कळ स्पष्ट होतात.

उघड्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे वेळेचे गणित आधी करावे. अडीच तासांचा चित्रपट आणि मध्यंतर धरले, तर पावणेसातला सुरुवात व्हायला हवी. डिसेंबरमध्ये नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हे सहज जमते, फक्त थंडी कडाक्याची असते म्हणून शाली आणि ब्लँकेट आणायला सर्वांना आधीच सांगावे. मे महिन्यात सात वाजून गेले तरी उजेड रेंगाळतो, म्हणून तेव्हा गच्चीसाठी छोटा चित्रपट निवडावा किंवा थेट हॉलमध्ये बसावे. पावसाळ्यात गच्चीचा विचारच नको.

परवानगीचा मुद्दाही स्पष्ट करून ठेवतो. ओटीटीचे सभासदत्व आणि विकत घेतलेली डीव्हीडी या दोन्ही गोष्टी घरगुती पाहण्यापुरत्या असतात. घरची मंडळी आणि स्नेही यांच्यासाठी आपल्या घरात चित्रपट लावणे वेगळे, आणि सोसायटीच्या मैदानात फलक लावून सर्वांना बोलावणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची लेखी परवानगी घ्यावी. वर्गणी काढून चोरीची प्रत दाखवणे तर अजिबात करू नये. आवडत्या कलाकृतीवरचे प्रेम तिच्या निर्मात्याचे पैसे बुडवून व्यक्त होत नाही.

कोणाला काय दाखवावे

मिश्र वयाच्या प्रेक्षकांसाठी निवड करताना चित्रपट किती गाजला, यापेक्षा त्यातली भीती किती आणि कशी आहे, हे पाहावे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हा माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचा चित्रपट आहे. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. माणसात यायचे असेल, तर ज्याला त्याने आपली ओळख पहिल्यांदा सांगितली, त्याच लक्ष्याचे (लक्ष्मीकांत बेर्डे) शरीर त्याला हवे असते. नियम इतका घट्ट असल्यामुळे भीती आणि हसू दोन्ही लक्ष्याभोवतीच फिरतात, आणि बाहुला जिवंत आहे हे सांगून सांगून तो थकला तरी लोकांना ते पटत नाही. माणूस असतानाचा तात्या विंचू दिलीप प्रभावळकर यांनी रंगवला आणि बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातून घडला व हलला. बाहुल्याची मान किंचित तिरकी होते, पापण्या अर्ध्या मिटतात, आणि तो काहीतरी बेत करतो आहे अशी आपली खात्री पटते. लहान मुले घाबरतात ती नेमकी या मंद हालचालीला. म्हणून अगदी लहान मुलांना तो रात्री दाखवू नये. सात-आठ वर्षांच्या मुलांना दिवसा दाखवावा, आणि आधी बोलक्या बाहुल्या कशा चालवतात ते मोजा हातात घालून करून दाखवावे. बाहुल्यामागे माणसाचा हात असतो हे ज्या मुलाने स्वतः अनुभवले आहे, ते भिऊन रडण्याऐवजी हात कोठे लपला असेल ते शोधू लागते.

नव्या चित्रपटांच्या बाबतीत प्रमाणपत्राकडे पाहण्याची सवय लावावी. २०२४ पासूनच्या नियमांनुसार यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन गट केले आहेत, त्यामुळे पालकांना पूर्वीपेक्षा नेमका अंदाज येतो. तरीही दाखवणाऱ्याने चित्रपट आधी स्वतः पाहिलेला असावा, याला पर्याय नाही.

परभाषेतला चित्रपट मुलांना दाखवायचा असेल, तर उपशीर्षके वाचून सांगणारी एक व्यक्ती नेमावी. तिने प्रत्येक वाक्याचे भाषांतर करू नये. कथा अडते तेथेच दोन शब्द बोलावेत. ‘गुपी गायन’मधले भुतांचे दीर्घ नृत्य चालू असताना तर कोणीच काही बोलू नये. ते नृत्य शब्दांवाचून आहे आणि मुले ते श्वास रोखून पाहतात.

खाण्याविषयी थोडक्यात. चिवडा नाशिकचा असेल तर तो हवाच, पण तो मध्यंतरात वाट्यांमधून द्यावा. प्लास्टिकच्या पिशव्यांचा सळसळाट संवादांच्या नेमक्या पट्टीत येतो आणि मागच्या रांगेपर्यंत काही पोहोचत नाही. मध्यंतर दिग्दर्शकाने ठेवले असेल तेथेच घ्यावे. चमत्काराचा नियम नुकताच सांगितला जात असताना चहासाठी चित्रपट थांबवणे हा त्या पटकथेवर अन्याय आहे.

चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावून खुर्च्या उचलू नयेत. पंधरा मिनिटे गप्पांसाठी ठेवावीत आणि ‘कसा वाटला?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘या चमत्काराचा नियम कोणता?’ असे मुलांना विचारावे. मुले या प्रश्नाची उत्तरे थोरांपेक्षा नेमकी देतात, कारण खेळाचे नियम हा त्यांच्या रोजच्या भांडणाचा विषय असतो. ‘मग त्याने असे का नाही केले?’ अशी शंका एखाद्याने काढली, तर ती वहीत लिहून ठेवावी. पटकथेतली खरी फट पुष्कळदा अशाच प्रश्नातून सापडते.

फाळक्यांचा वाटाणा आणि घरची मटकी

मुख्य चित्रपटापूर्वी पाच-दहा मिनिटांचे काहीतरी जुने दाखवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, आणि नाशिककरांसाठी ती निवड अवघड नाही. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ हा १९१९ चा मूकपट बऱ्याच अंशी टिकून आहे. बाळकृष्णाची भूमिका त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. आरंभी ती साध्या मुलीच्या रूपात कॅमेऱ्यासमोर एकामागून एक हावभाव करून दाखवते आणि मग त्याच चेहऱ्यातून कृष्ण प्रकट होतो. म्हणजे फाळके प्रेक्षकाला आधी सांगतात की हे सोंग आहे, आणि तरीही पुढच्या चमत्कारावर विश्वास ठेवायला त्याला भाग पाडतात. यापूर्वी त्यांच्या ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत आणि त्यासाठी आपलेच नाव उलटे करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते, हे मुलांना सांगितले की कॅमेरा आणि जादू यांचे नाते वेगळे समजावून द्यावे लागत नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे नाशिकमध्येच निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्यांचे स्मारक आहे.

‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करत त्यांनी त्याच्या वाढीची जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार केली. भांडवल देणाऱ्याला चित्रपट म्हणजे काय ते पटवण्यासाठी ती त्यांच्या उपयोगी पडली. डोळ्यांसमोर बी फुटते, वेल वर चढतो; यात कोणतीही फसवणूक नाही, केवळ काळ दाबून लहान केलेला आहे. हा चमत्कार मुलांना स्वतः करता येतो आणि त्यासाठी घरातला फोन पुरतो.

मटकी रात्रभर भिजवून सकाळी निथळावी. कापडात बांधली तर मोड दिसणार नाहीत, म्हणून काचेच्या पसरट ताटलीत ओला कापूस अंथरून त्यावर दहा-बारा दाणे सुटे ठेवावेत. ताटली अशा खोलीत ठेवावी जिथे खिडकीचा उजेड येत नाही, आणि शेजारी एक दिवा सतत चालू ठेवावा. उजेड बदलत राहिला तर फिल्म लुकलुकते. फोन स्टँडवर पक्का बसवावा, चार्जरला लावावा, फोकस आणि प्रकाश हाताने ठरवून कुलूपबंद करावेत आणि दर १० मिनिटांनी एक छायाचित्र निघेल असे ॲप लावावे. ३६ तासांत २१६ छायाचित्रे मिळतील. सेकंदाला २४ या वेगाने ती जोडली, की नऊ सेकंदांची फिल्म होते. कापूस वाळू लागला तर ताटली न हलवता ड्रॉपरने कडेने पाणी सोडावे, आणि ते काम एकाच मुलाकडे द्यावे, म्हणजे धक्का लागण्याची शक्यता कमी होते. नऊ सेकंद फार थोडे वाटतील, म्हणून तीच फिल्म एकदा सरळ आणि एकदा उलटी जोडावी. मोड परत दाण्यात शिरताना पाहून हमखास हशा येतो. पुढच्या चित्रपटसंध्येला ती ‘कालिया मर्दन’च्या आधी लावावी, आणि आरंभी ज्यांनी ती केली त्या मुलांची नावे मोठ्या अक्षरांत द्यावीत.